पांढऱ्यातला पांढरा

दिवाळीला नऊ दिवस उरले होते. रंगाच्या दुकानात या दिवसांत डबा उघडून जेवायलाही उसंत नसते. काउंटरला ठेकेदार चिकटलेले, पायऱ्यांवर पुताईवाले बसलेले, मागे टिंटिंग मशीनची घरघर. त्यात काकू आल्या. सलग चौथ्या दिवशी.

काकू आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच. आमच्या दुकानामागे दोन गल्ल्या सोडून त्यांचा जुना वाडा. मला सातवीत अपूर्णांक त्यांनीच शिकवले, त्यामुळे मी कितीही मोठा झालो तरी त्यांच्यासमोर उभाच राहतो. त्यांनी पर्समधून शेडच्या पट्ट्या काढून काउंटरवर पसरल्या. 27 होत्या. सगळ्या पांढऱ्या. कुठला सायीसारखा, कुठला मोत्यासारखा, कुठला जुन्या धोतरासारखा.

"हा काल नक्की केला होता रे. पण रात्री ट्यूबलाइटखाली निळसर वाटला. मुलाला फोटो पाठवला, तो म्हणतो करडा आहे. सुनेनं पुण्याहून आणखी तीन पाठवलेत."

बाहेर त्यांचा पेंटर वैतागून म्हणाला, "भैयाजी, आज भी खाली बैठें क्या?" पुट्टी लावून, घासून भिंती तयार होत्या आणि तीन दिवसांची मजुरी नुसती बसून चालली होती.

वडील याच गल्ल्यावर बसायचे तेव्हा गोण्यांमध्ये चार वस्तू असत: चुना, नीळ, पिवडी आणि काव. पुढे डिस्टेंपर आला, त्याच्या कार्डावर मोजके रंग. आता कोड टाकला की मशीन पांढऱ्या बेसमध्ये मोजून रंगद्रव्य सोडतं, डबा हलवला की काम झालं. कार्डात हजाराच्या वर शेड आहेत. फिकट शेडमध्ये 20 लिटरच्या डब्यामागे फरक असतो तो थोड्याशा मिलीलिटरांचा. आणि एकदा मिसळलेला डबा परत घेत नाही, हे आम्ही बिलावर छापलंय. माझ्या मते गिऱ्हाइकाची झोप उडवणारं वाक्य तेच आहे.

मला हुशारी सुचली. त्यांच्या आवडत्या आठ पट्ट्यांवरची नावं दुमडून मागे घातली, पत्ते पिसावेत तशा पिसल्या आणि म्हटलं, "काकू, कालचा काढा." त्यांनी एक काढली. पुन्हा पिसल्या, त्यांनी दुसरीच काढली. तिसऱ्यांदा तिसरी. मी हसत म्हणालो, "बघा, तुम्हालाच ओळखू येत नाही, तर पाहुण्यांना काय येणार!"

दोन ठेकेदारही हसले. काकू हसल्या नाहीत. पट्ट्या गोळा करता करता म्हणाल्या, "परीक्षा घेतोस माझी? पूर्वी हे ठरवायचे आणि मी नावं ठेवायचे. सोपं होतं. आता चुकलं की नावं मला."

मला इतकी लाज वाटली की मशीन बंद करून त्यांना आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ठेकेदार थांबले. थांबू देत.

अमेरिकेत एका दुकानात केलेला जॅमचा प्रयोग मी वाचला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. 24 प्रकार मांडले तेव्हा चाखायला थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी विकत घेतला, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. पुढे असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मला दोन्ही पटतं. ठेकेदार हजार शेडमधून दोन मिनिटांत कोड सांगतो, कारण त्याला काय हवंय ते ठाऊक असतं, आणि भिंत त्याची नसते. काकूंना रंगांची गर्दी छळत नव्हती. पिवडी लावली तर पिवळं घर झालं म्हणून कुणी कुणाला बोलत नसे, दुसरं होतंच काय? हजारातून निवडलं की मात्र चूक आपल्या नावावर लागते.

मी विचारलं, "बैठकीत ऊन किती येतं?"

"चौकाकडे एकच खिडकी. दुपारीही दिवा लावते."

"मग सायीचा. निळसर झाक तिथे उदास दिसेल. आणि हा मी निवडलाय, तुम्ही नाही."

त्यांच्यासमोरच बिलावर पेनानं लिहिलं: रंग दुकानदाराने ठरवला. खाली सही केली. काकूंनी ती ओळ दोनदा वाचली, बिल चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि उरलेल्या पट्ट्या माझ्याकडे सरकवल्या. पेंटर डबा खांद्यावर टाकून पुढे गेलासुद्धा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला.

"अरे, सूनबाई म्हणाली जरा पिवळा वाटतो."

"मग?" माझ्या पोटात गोळा.

"मग काय, बिल काढून दाखवलं. म्हटलं, त्याचे अपूर्णांकही कच्चेच होते."

आवाज मजेत होता. पाठोपाठ त्यांनी स्वयंपाकघराला कोणता लावू ते विचारलं, आणि बिलावर तसंच लिहून दे म्हणाल्या.