द्राक्षबागेच्या चॅनलवर ‘छंद’ असा शिक्का: माझा अनुभव

माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतात आणि काही वर्षांपासून बागेत उभे राहूनच मोबाइलवर व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळांसाठीची गोड छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं, विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं, सगळं जसं शेतात होतं तसं. डावणी या बुरशीच्या रोगावरचा त्यांचा व्हिडिओ मला फार आवडतो. पाऊस नुकताच उघडलेला असतो. मामा पान कॅमेऱ्यासमोर धरतात, वरच्या बाजूचा पिवळसर तेलकट डाग अंगठ्याने दाखवतात, मग पान उलटं करतात आणि मागची पांढरी बुरशी स्पष्ट दिसेपर्यंत एक शब्दही बोलत नाहीत. मग म्हणतात, “वरून बघून फवारायला जाऊ नका, आधी मागं बघा.” आसपासचे कितीतरी बागाईतदार हे बघून फवारणी ठरवतात.

यंदा नाशिकमधली एक जाहिरात एजन्सी ठिबक विकणाऱ्या ग्राहकासाठी शेतीची चॅनल्स शोधत होती. मामांशी बोलणं झालं आणि मग अडलं. एजन्सीच्या ताईंनी कळवलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चॅनल ‘जीवनशैली’ आणि ‘छंद’ या विषयांत दिसतं, शेती कुठेच दिसत नाही, आणि ग्राहक अहवालावरच निर्णय घेतो. मामांचा मला फोन आला. “अरे, छंद कसला? घर चालतं याच्यावर. तू कॉम्प्युटरमधला आहेस, बघ जरा काय ते.”

मी बघायला बसलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. एक असते व्हिडिओची कॅटेगरी. ती आपण स्वतः यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावर, निवडतो, आणि काहीच निवडलं नाही तर बहुतेक वेळा ‘लोक आणि ब्लॉग’ राहते. मामांच्या जवळपास सगळ्या व्हिडिओंना तीच होती. दुसरी गोष्ट म्हणजे विषय. तो यूट्यूब स्वतः ठरवतं, चॅनललाही आणि प्रत्येक व्हिडिओलाही, आणि तो आपल्याला बदलता येत नाही. चॅनलचा विषय ओळखणारी बरीच सॉफ्टवेअर्स ही दुसरी माहिती घेऊन आपल्यासमोर मांडतात.

ती माहिती आपल्यालाही फुकट बघता येते. यूट्यूब डेटा एपीआय म्हणजे यूट्यूबकडची माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरना देणारी सोय; तिच्या मदतपानावरच ‘करून बघा’ अशी एक चौकट असते. गुगल खात्याने आत जायचं, ‘चॅनल्स लिस्ट’ निवडायचं, ‘पार्ट’मध्ये ‘टॉपिकडिटेल्स’ लिहायचं आणि चॅनलचा ‘यूसी’ने सुरू होणारा आयडी द्यायचा. उत्तरात इंग्रजी विकिपीडियाच्या लिंक येतात, त्या म्हणजे विषय. काही चॅनल्सना हा रकाना रिकामाच येतो. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजायचं कारण नाही.

मामांच्या चॅनलला खरंच ‘जीवनशैली’ आणि ‘छंद’च आलं होतं. म्हणजे एजन्सीचं सॉफ्टवेअर बरोबरच वाचत होतं. मग मी विषयांची पूर्ण यादीच काढून वाचली. पूर्वी हे विषय फ्रीबेस नावाच्या मोठ्या ज्ञानकोशातून यायचे. तो बंद पडल्यावर २०१७ पासून यूट्यूब निवडक विषयांची छोटी यादी वापरतं. त्यात संगीताचे, खेळांचे, व्हिडिओ गेम्सचे कितीतरी पोटविषय आहेत. खाद्यपदार्थ आहेत, वाहनं आहेत, पाळीव प्राणी आहेत, व्यावसायिक कुस्तीसुद्धा आहे. शेती नाही. ज्या जिल्ह्यात निम्मी बोलणी द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोच्या भावावर होतात, तिथल्या माणसाला हे वाचून वाईट वाटणारच, मलाही वाटलं. पण कोडं सुटलं. जिथे शेतीचा रकानाच नाही तिथे द्राक्षबाग शेजारच्या कुठल्यातरी रकान्यात जाणार.

मग ठरवलं की एकेका व्हिडिओकडे बघायचं. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बरेच जण यात अडकतात. एपीआयकडे काहीही मागवलं की युनिट खर्च होतात आणि रोजचा फुकट कोटा १०,००० युनिट असतो. ‘सर्च’ करून व्हिडिओ शोधायला गेलात तर दर वेळी १०० युनिट जातात. त्यापेक्षा चॅनलच्या आयडीतलं सुरुवातीचं ‘यूसी’ काढून ‘यूयू’ लावायचं. ती त्या चॅनलच्या सगळ्या अपलोडची प्लेलिस्ट असते आणि ती वाचायला एका वेळी एकच युनिट लागतं, त्यात ५० पर्यंत व्हिडिओ मिळतात. त्यांचे आयडी एकत्र देऊन विषय मागवले तरी पुन्हा एकच युनिट. कोटा संपलाच तर तो अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री पुन्हा भरतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला.

सगळं एका शीटमध्ये उतरवलं. ट्रॅक्टरवरच्या फवारणीच्या ब्लोअरचे व्हिडिओ ‘वाहन’मध्ये गेले होते. घड विरळणीचे ‘खाद्यपदार्थ’मध्ये. सप्तशृंगी गडावर गेले होते तो ‘धर्म’मध्ये. डावणीच्या व्हिडिओला ‘छंद’. शेजारी मी आणखी एक रकाना केला आणि प्रत्येक व्हिडिओत खरोखर काय आहे ते मामांना विचारून मराठीत लिहिलं: छाटणी, रोग, फवारणी, पाणी, बाजार. मामा संध्याकाळी फोनवर एकेक सांगत होते, “हा भुरीचा, हा काडी तपासणीचा, हा घरच्या पोळ्याचा, हा काढ यातून.” तो रकाना भरल्यावर चॅनल कशाचं आहे याबद्दल कुणाला शंका राहिली नसती.

स्टुडिओतही थोडं काम केलं. शेतीचे सगळे व्हिडिओ एकदम निवडून कॅटेगरी ‘शिक्षण’ केली, भाषा मराठी लावली, आणि पुढच्या अपलोडसाठी तेच ठरवून ठेवलं. चॅनलच्या माहितीत पीक, गाव आणि हंगाम नीट लिहिला. त्यानंतर विषय पुन्हा तपासले, तर ‘छंद’ जिथल्या तिथे.

शीट एजन्सीच्या ताईंना पाठवलं, सोबत विषयांच्या यादीत शेती नाही हेही कळवलं. त्यांनी ते ग्राहकासमोर ठेवलं आणि गोड छाटणीपासून माल निघेपर्यंतच्या व्हिडिओंसाठी करार झाला. आता ताई कांदा आणि डाळिंबाच्या चॅनल्सकडूनही असंच शीट मागवतात. आमच्या शीटची कोरी प्रत मी मामांच्या बागाईतदारांच्या ग्रुपवर टाकली आहे. ती भरताना शेवटचा रकाना बागेत राबणाऱ्या माणसाकडूनच भरून घ्या.