क्लिफ मॉर्गन यांचा आवाज

27 जानेवारी 1973 रोजी वेल्समधील कार्डिफ आर्म्स पार्कवर झालेल्या बार्बेरियन्स (निमंत्रित खेळाडूंचा संघ) विरुद्ध न्यूझीलंड या रग्बी सामन्याची सुरुवातीची काही मिनिटे मी आजवर अनेकदा पाहिली आहेत, आणि दर वेळी खेळाइतकाच त्यावरील समालोचनाचा आवाज मला खिळवून ठेवतो. बार्बेरियन्सचा फिल बेनेट आपल्याच गोलरेषेजवळ चेंडू उचलून प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक हुलकावण्या देतो, चेंडू सात जणांच्या हातांतून पुढे सरकतो आणि अखेर गॅरेथ एडवर्ड्स कोपऱ्यात झेपावून ट्राय नोंदवतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवतो. नेहमीचे समालोचक बिल मॅक्लारेन आजारी असल्यामुळे त्या दिवशी क्लिफ मॉर्गन बोलत होते. बेनेट फ्लाय-हाफ म्हणून, म्हणजे आक्रमणाला दिशा देणाऱ्या खेळाडूच्या जागेवर खेळत होता; तीच जागा मॉर्गन यांनी वेल्ससाठी 29 सामन्यांत सांभाळली होती. त्यामुळेच बहुधा, पुढे काय घडणार हे कोणालाच ठाऊक नसताना, त्या हुलकावण्यांनाच त्यांच्या तोंडून मनापासून दाद निघाली. आदल्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती, हे कळल्यापासून मला ते समालोचन निराळेच ऐकू येते.

वेल्समधील ऱ्हॉन्डा खोऱ्यातल्या ट्रेबानोग गावी, कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांच्या घरी, 1930 साली त्यांचा जन्म झाला. 1955 मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ब्रिटिश लायन्सने (ब्रिटन आणि आयर्लंडमधील निवडक खेळाडूंचा संयुक्त संघ) दक्षिण आफ्रिकेला 23-22 असे हरवले, त्यात त्यांचाही एक ट्राय होता. 1958 मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी खेळणे थांबवले आणि ते बीबीसीकडे वळले.

माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय मात्र त्या गाजलेल्या समालोचनानंतरचा आहे. ज्या आवाजाने त्यांना घरोघरी पोहोचवले, तो बाजूला ठेवून त्यांनी व्यवस्थापनाची खुर्ची स्वीकारली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून 1987 पर्यंत बीबीसी दूरचित्रवाणीच्या बाह्यप्रक्षेपण (स्टुडिओबाहेरून होणारे प्रक्षेपण) विभागाचे प्रमुखपद सांभाळले. कॅमेरे कुठे ठेवायचे, केबल कुठून न्यायची, ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाची यंत्रणा असलेल्या गाडीत बसून अनेक चित्रांतून नेमके कोणते प्रेक्षकांना दाखवायचे, या साऱ्याची तयारी तो विभाग करीत असे; आणि ऑलिंपिक असो वा 1981 चा चार्ल्स आणि डायना यांचा विवाह, घडणारी गोष्ट कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडत नाही. खेळाडूला मिळते तशी टाळी या कामात मिळत नाही, आणि स्वतः मैदान गाजवलेल्या माणसाने ती इतकी वर्षे न मागणे मला फार मोलाचे वाटते.

निवृत्तीनंतर ते पुन्हा मायक्रोफोनसमोर आले आणि बीबीसीच्या रेडिओ 4 वर 'स्पोर्ट ऑन फोर' हा क्रीडाविषयक कार्यक्रम सादर करू लागले. पुढे कर्करोगामुळे त्यांची स्वरपेटी काढावी लागली. 29 ऑगस्ट 2013 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या संध्याकाळी मी कार्डिफचे ते चित्रण पुन्हा लावले आणि पडद्याकडे न पाहता, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकले.