'बोनापार्ट्स रिट्रीट'चा रियाज: सहावा आठवडा

खालची तार अखेर टिकली. गेले दोन आठवडे गाडी तिथेच अडली होती, म्हणून आधी तेच सांगते.

'बोनापार्ट्स रिट्रीट' म्हणजे नेपोलियनची माघार, अमेरिकेतली एक जुनी फिडलची चाल. फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिनच. या चालीसाठी त्याच्या तारा नेहमीच्या जी-डी-ए-ई या स्वरांत ठेवत नाहीत. जी ची तार पार खालच्या डी पर्यंत उतरवायची आणि ई ची एका स्वराने उतरवून वरचा डी करायचा. डी ला सा मानलं की चार तारा होतात सा, सा, प, सा. माझं रोजचं व्हायोलिन सा-प-सा-प मध्ये असतं, म्हणून यासाठी घरातलं दुसरं काढलं. तारा लावून एकदा सगळ्यांवरून गज फिरवला आणि खोलीत तानपुरा लागल्यासारखं झालं. मी बराच वेळ चाल वाजवलीच नाही, नुसती ऐकत बसले.

अडचण सैल तारेची. जी इतकी उतरवली की जरा दाब पडला की ती पट्टीवर आपटून खरखरते. खुंटीही सरकत होती. तिला खडू लावला. मग थोडी जाड तार घातली आणि गजाचा दाब कमी करून गज लांब ओढायला लागले. आता मंद्र सा घुमतो.

हा खर्ज म्हणजे या चालीचा जीव. अमेरिकेच्या दक्षिणेतले जुने वादक ती संथ, कूच करणाऱ्या फौजेच्या लयीत वाजवायचे आणि खालच्या तारांतून बॅगपाईपसारखा अखंड सूर काढायचे. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांनी 1924 मध्येच तिची रेकॉर्ड केली होती. नेपोलियनची माघार नेमकी कुठली, मॉस्कोची की वॉटर्लूची, याची गोष्ट प्रत्येक वादक आपापली सांगतो. मला त्या वादापेक्षा एवढंच महत्त्वाचं वाटतं की फिडलवाल्यांनी एक युद्ध कानावाटे पुढच्या पिढीच्या हातात दिलं.

मी शिकतेय ती चाल मात्र विल्यम हॅमिल्टन स्टेप यांची. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये लोकगीतं गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन केंटकीत फिरत होते. सेलियर्सव्हिलला त्यांनी स्टेपना वाजवायला सांगितलं. स्टेपनी कूच बाजूला ठेवली आणि तीच चाल नाचाच्या लयीत भरधाव सोडली. तबकडीवर ते उतरलं. त्या दिवशी यंत्रासमोर दुसरा कुणी बसला असता, तर आज जगाला ठाऊक आहे ती चाल वेगळी असती, असं मला ठामपणे वाटतं.

कारण पुढे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलेखन केलं आणि ते 1941 मध्ये लोमॅक्स पितापुत्रांच्या लोकगीतसंग्रहात छापून आलं. संगीतकार एरन कोपलंडनी ती त्या पानावरून उचलली आणि 1942 च्या 'रोडिओ' या बॅलेत, 'हो-डाउन' मध्ये, जवळजवळ जशीच्या तशी ऑर्केस्ट्राला दिली. मला चाल भेटली ती याच उलट्या रस्त्याने: आधी ऑर्केस्ट्रा, मग तबकडी, मग हातात फिडल.

ऑर्केस्ट्रात सूर आहेत, झळाळी आहे, पण एकाच माणसाच्या एकाच गजाखालून चाल आणि खर्ज एकदम निघतात ते तिथे नाही. भातखंड्यांनी बंदिशी कागदावर आणल्या नसत्या तर कितीतरी आपल्यापर्यंत पोचल्याच नसत्या. तरी पुस्तकातली बंदिश गाऊन पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की गुरूसमोर बसल्यावर ती वेगळीच निघते. सीगरबाईंचं काम मला तसंच वाटतं. फार मोठं, आणि त्याच्या शेजारी तबकडी लागतेच.

आता बोटांचं. मध्य सा आणि तार सा या दोन्ही तारांवर रे, ग यांच्या जागा तंतोतंत तशाच पडतात. फक्त मधली प ची तार ओलांडायची. सा-प-सा-प ची सवय इथे कामी आली. गजाने मात्र दमवलं. आमच्या शिकवणीत एका ओढीत चार-सहा स्वर मींडेने, म्हणजे एकातून दुसऱ्यात घसरत, बांधायचे. इथे एक लांब, दोन आखूड, असा झटका मनगटातून यावा लागतो. तोही बाजूची मोकळी तार न सोडता. बैठक मारून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून हे मनगट मोकळं होईना. म्हणून चौथ्या आठवड्यापासून उभी राहून, वाद्य हनुवटीऐवजी छातीशी धरून वाजवतेय. कितीतरी फिडलवाले तसंच धरतात.

मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवरून सुरू केला होता. स्टेपची गती फार लांब आहे, आणि मला तिची घाई नाही. काल रात्री 84 वर दोन्ही भाग सलग तीनदा वाजले. खर्ज एकदाही तुटला नाही.