टेकडी रोजची, पण ताकदीचं काय?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या दम न लागता चढणाऱ्या साठीच्या कितीतरी लोकांना जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. पाय तेच, मग असं का? पायरी चढताना गुडघा थोडाच वाकतो. जमिनीवरून उठताना गुडघा आणि खुबा पूर्ण दुमडलेले असतात आणि तिथून सगळं अंग वर ढकलायचं असतं. टेकडीने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, मांड्या ठरावीक मर्यादेपर्यंतच. दंड, पाठ, खांदे यांना तर चढताना काही कामच नसतं.

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी. पुणेकरांची ही सवय सोन्यासारखी आहे, ती मोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे आणि तो टेकडीने होतो. पण त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही आहे. हा दुसरा भाग आपल्याकडे सर्रास गळतो.

आणि आपल्या भारतीयांना तर त्याची गरज जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. बीएमआय तेवढाच, पण बारीक दिसणाऱ्या अंगात चरबी दुपटीहून जास्त, म्हणजे स्नायूंचा वाटा कमी. म्हणून 'वजन बरोबर आहे की' यावर समाधान मानू नका. बेंबीच्या पातळीला टेप लावा. पुरुषांनी ९० सेंटिमीटर, बायकांनी ८० ओलांडले असतील, तर काटा काहीही म्हणो, लक्ष घालायला हवं.

सुरुवात जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीपासून करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा, पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. मग मनात तीन अंक मोजत, सावकाश बसा. स्नायू या सावकाश बसण्यातही घडतो, आणि नेमकं तिथेच लोक धपकन अंग टाकतात. दुसरी चूक म्हणजे गुडघे आत वळणं. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की असं होतं; गुडघे पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवा, जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी घालून उंची वाढवा. श्वास कोंडून जोर लावू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. ८ ते १२ वेळा, असे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सेट संपताना अजून दोनदा जमलं असतं असं वाटलं, तर प्रमाण बरोबर. तिन्ही सेटमध्ये १२ सहज व्हायला लागले की उशी काढा, मग बुटकं स्टूल घ्या, मग छातीशी दोन किलोची तांदळाची पिशवी धरा. वाढवत गेलं नाही, तर सहा महिन्यांनीही तिथेच राहाल.

कुठे आहोत ते पाहायचं तर हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ आणि बायकांचे १२ यापेक्षा कमी भरले, तर पाय कमजोर समजायचे. चाळिशीत एवढे कमी येत असतील, तर आजच सुरू करा.

याच्या जोडीला ओट्यावर हात टेकवून दंड, पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकून जमिनीवरची जड पिशवी उचलणं. आणखी एक, ज्याकडे दुर्लक्ष होतं ते ओढणं. सूर्यनमस्कार मला मनापासून आवडतात, पण त्यात ढकलणं आहे, ओढणं जवळपास नाही. एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने पाच किलोची पिशवी कमरेपर्यंत ओढा. दिवसभर लॅपटॉपपुढे पोक काढून बसणाऱ्यांना हे फार उपयोगी. हे सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, दोन-तीन दिवसांत उतरेल. सांध्यात टोचणारं किंवा सूज आणणारं दुखणं वेगळं. तिथे थांबून दाखवून घ्या.

आता ताट. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या हिशेबाने किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साठीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम बरं. (मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.) 'आमच्याकडे रोज वरण असतं' असं म्हणताना हिशेब करा. चौघांसाठी कुकरला ६० ग्रॅम तुरीची डाळ लावली, तर माणशी १५ ग्रॅम डाळ, प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम. वाटी भरलेली दिसते, ती पाण्याने. डाळ दुप्पट करा, पाणी तेवढंच ठेवा. पिठलं-भाकरी अप्रतिम आहे: ज्वारीत लायसिन हा प्रोटीनचा घटक कमी, तो बेसन भरून काढतं.

नाश्त्याचे पोहे सोडायची गरज नाही. ६० ग्रॅम पोह्यांत प्रोटीन ४ ग्रॅमच्या आसपास. त्यात २० ग्रॅम शेंगदाणे घाला, ५ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ वर घ्या, ७ ग्रॅम. सोबत वाटीभर, दीडशे ग्रॅम दही, ५ ग्रॅम. झाले एकवीस, आणि अकरा वाजता क्रीमची बिस्किटं शोधावी लागत नाहीत. वर लिंबू पिळता ते फक्त चवीचं नाही, त्याने पोह्या-मटकीतलं लोह जास्त शोषलं जातं. पण त्यावर लगेच चहा प्यायलात, तर चहातलं टॅनिन ते अडवतं. चहा तासाभराने घ्या.

शाकाहारी घरांत बी १२ तपासून घ्याच. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं आणि चहातल्या चार चमचे दुधाने भागत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर ते आणखी घटतं. पायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा, उगाच उदास वाटणं, चिडचिड: हे सगळं 'टेन्शन' म्हणून खपवलं जातं आणि कधीकधी मूळ इथे किंवा थायरॉइडमध्ये निघतं.

मनाचं म्हणाल, तर नुसत्या १०-१५ मिनिटांच्या भरभर चालण्यानेही त्या दिवसापुरतं हलकं वाटतं. टिकाऊ फरकाला काही आठवडे नियमितपणा लागतो. माणसं अडकतात ती इथे: मन खचलेलं असताना 'उद्यापासून रोज तासभर' ठरवतात, तिसऱ्या दिवशी चुकतं आणि चुकल्याचा अपराधीपणा मूळ उदासीत भर घालतो. उदास असताना इच्छा आधी येत नाही, थोडं हललं की मागाहून येते. म्हणून वाईट दिवसाचा व्यायाम आधीच ठरवून ठेवा: बूट घालायचे, सोसायटीला दोन चकरा, खुर्चीवरून पाच वेळा उठणं. तेवढं केलं की त्या दिवशीची खूण कॅलेंडरवर करायची, पूर्ण खूण. सकाळच्या उजेडात केलं तर रात्रीच्या झोपेलाही मदत होते. चारनंतरची कॉफी तेवढी बंद करा, तिचा अर्धा परिणाम पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

दोन आठवडे सलग झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल, तर व्यायामावर विसंबून राहू नका, डॉक्टर गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि आधीपासून गोळ्या चालू असतील, तर 'आता टेकडीने बरं वाटतंय' म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका.