जिनिव्हाला जाताना पेन्शनचं काय केलं

मी १९९६ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत. २०१२ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक हवामान संघटनेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेत, पी-४ या अधिकारी श्रेणीच्या पदावर निवड झाली. करार दोन वर्षांचा, पुढे वाढू शकेल असा. घरी पेढे वाटले आणि फाइलची वाट बघणं सुरू झालं. व्हिजिलन्स क्लिअरन्स (माझ्यावर चौकशी चालू नसल्याचा दाखला), डेप्युटेशनची मंजुरी, लीन (मूळ पदावरचा हक्क). एका टेबलावर फाइल सात आठवडे पडून होती आणि विचारायला गेलं की "वर पाठवली आहे" एवढंच उत्तर. त्याचा राग अजून आहे.

पण झोप उडवली ती पेन्शननं. अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या पेन्शन नियमांतला नियम ३१ काढून दाखवला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेत पाच वर्षं किंवा जास्त काळासाठी गेलं तर निवड करता येत होती: पेन्शनचं अंशदान (पेन्शनसाठीची वर्गणी) भरून ती वर्षं इथल्या सेवेत मोजून घ्यायची, नाहीतर तिथले निवृत्तीचे लाभ घेऊन इथे ती सोडून द्यायची.

"मॅडम, तुमचं पत्र दोन वर्षांचं आहे. पाच धरून चालू नका," ते म्हणाले.

मग संयुक्त राष्ट्रांच्या पेन्शन फंडाचे नियम वाचायला बसले. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाचे ७.९ टक्के आपल्याकडून कापतात, १५.८ टक्के संस्था भरते. पाच वर्षांच्या आत बाहेर पडलं तर आपला वाटा तेवढा व्याजासह परत मिळतो, संस्थेचा फंडातच राहतो. तिथली कपात टळणार नव्हतीच. तरी ही वर्षं इथल्या सेवेत धरली जावीत म्हणून इथलंही अंशदान पदरचं भरायचं, असं मी लेखी कळवलं. दोन्हीकडे पैसे जाणार हे घरी पटवायला वेळ लागला.

भरायला उशीर झाला तर शंभर रुपयांमागे रोज दोन पैसे व्याज. म्हणून आर्थिक वर्ष संपलं की पुण्यात माझा भाऊ लगेच रक्कम भरायचा आणि पावती ऑफिसात नेऊन द्यायचा.

रुजू होताना एका प्रतिज्ञेवर सही केली: कामाबाबत कोणत्याही सरकारकडून सूचना घेणार नाही. सोळा वर्षं एका सरकारची नोकरी केलेली, लीनही तिथेच. ते वाक्य मी दोनदा वाचलं, मग सही केली. पुढे ते पाळलंही.

करार एकदा वाढला. चार वर्षांनी परतले तेव्हा पावत्या चारही होत्या, पण सर्व्हिस बुकात (नोकरीच्या नोंदवहीत) तिसऱ्या वर्षाच्या नोंदीखाली सही नव्हती. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती समोर बसून घेतली.