पेटीचा गट्टू

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गाडीच्या पॉइंटचा स्क्रू पडला. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या आतला, पॉइंट सेट घट्ट धरणारा, चवळीच्या दाण्याएवढा. आधी टिक् असा आवाज आला, मग टक्, मग काहीच नाही. तिसरा आवाज आला असता तर खाली जमिनीवर गेला असं समजलं असतं. आला नाही म्हणजे मधेच कुठेतरी बसलाय, इंजिन आणि त्याखालच्या आडव्या क्रॉस मेंबरच्या मधल्या त्या काळोखात, जिथे चाळीस वर्षांचं ग्रीस आणि फणसाची सुकी पानं एकत्र नांदतायत.

आणि दुपारी एक वाजता गोव्यात स्क्रू पडणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. फोंड्याला तिस्कावरचं पार्टचं दुकान एकला बंद होतं ते साडेतीनला उघडतं, मधे जग बुडालं तरी नाही. मेस्तला, म्हणजे आमच्या मेकॅनिकला, फोन करायची सोय नाही, तो जेवून आडवा झालेला असणार. घरात सगळे निजलेत म्हणून ठोकाठोकही करायची नाही. मग काय करणार, दार उघडून गाडीतच जाऊन बसलो. मागची सीट नाहीये, ती कुशनवाल्याकडे गेली ती दोन चतुर्थ्या झाल्या तरी आली नाही, पुढची आहे. अख्खी एकच लांब सीट, बाकासारखी.

गाडी म्हणजे फियाट. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण बांदोड्यात तिला पद्मिनी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. 1978चं मॉडेल, बाबांनी 1984ला सेकंडहँड घेतली, नंबर अजून जुना, जीडीवाला, गोवा-दमण-दीवच्या काळातला. बाबा गेल्यावर ती मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, उभी राहिली. पहिल्या पावसात बुरशी आली, दुसऱ्यात उंदीर, तिसऱ्यात कोंबडी मागच्या काचेपाशी अंडी घालायला लागली तेव्हा आई म्हणाली एक तर गाडी कर नाहीतर खुराडं कर, दोन्ही एकत्र नको.

तेव्हापासून करतोय. रविवारी आणि अशा चोरलेल्या दुपारी. इंजिन उतरवलं, बोअर करून घेतलं, ओव्हरसाइज पिस्टन बसवले, व्हॉल्व्ह घासले (हे सगळं मी केलं असं वाटेल तर तसं नाही, लेथवाल्याने आणि मेस्तने केलं, मी टॉर्च धरली). चार सिलिंडर, 1089 सीसी, बोअर 68 आणि स्ट्रोक 75 मिलिमीटर, हे आकडे मला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा नीट पाठ आहेत आणि त्यावरून घरात बोलणी पण खाल्लीयत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, जुनी रबरं त्यात फुगतात, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप बदलले. डायनामो काढून अल्टरनेटर टाकला. तेवढंच. मित्र म्हणतात त्यात प्रीमियरच्याच 118 एनई गाडीचं इंजिन टाक, ते निसानचं, पळेल बघ. कुठे पळवू? बांदोडा ते फोंडा? आणि इंजिन बदललं की आरसी बदला, आरटीओची परवानगी काढा, त्यापेक्षा आहे तिलाच जिवंत करूया म्हटलं. मेस्त पहिल्या दिवशी बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला होता आणि मग म्हणाला, "पात्रांव, गाडी पोरनी जाली, पूण इंजीन बरें आसा." (मालक, गाडी जुनी झाली, पण इंजिन चांगलं आहे.) हे तो प्रत्येक गाडीला म्हणतो असं मला नंतर कळलं.

तर सीटवर बसलो. समोर डॅशबोर्ड. आणि डॅशबोर्डच्या खाली, थंड इंजिन चालू करताना खेचायचा तो चोकचा गट्टू, म्हणजे गट्टू चोकचा नाहीच, तो पेटीचा.

आमच्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम. बाबा भजनात पेटी वाजवायचे. गुरुवारी घरी, श्रावणात देवळात, आणि दशावतारी कालो असला की कुणी बोलावलं तर तिथेही. चोकचा मूळ गट्टू कधी तुटला ते मला आठवत नाही, पण काही दिवस नुसती तार लोंबत होती आणि बाबा ती पक्कडीने खेचायचे, आणि मग एक दिवस तिथे हा आला. पांढरा, गोल, मधे पिवळा पडलेला. पेटीच्या पुढच्या बाजूला जे खेचायचे गट्टू असतात त्यातला एक. आई म्हणाली, अहो ती पेटी बोळकी दिसते आता, तर बाबा म्हणाले तो खर्ज स्वराचा आहे, मी कधी वापरतच नाही. सकाळी गाडी चालू करताना ते तो गट्टू दोन बोटांनी खेचायचे, अगदी भजनाला बसल्यासारखे, इंजिन फुरफुरत राहायचं, मग हळूहळू आत ढकलत न्यायचे आणि एका जागी इंजिन एकसारखं चालायला लागलं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "लागला." म्हणजे सूर.

आता बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली जी इतकी वर्षं आली नव्हती. पेटीचा गट्टू खेचला की हवेला वाट मोकळी होते, हवा स्वरांपर्यंत पोचते. चोकचा खेचला की उलट, कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप बंद होते, हवा अडते, पेट्रोल जास्त जातं. म्हणजे तोच गट्टू, तेच खेचणं, तीच बोटं, आणि एका ठिकाणी श्वास सुटतो, दुसऱ्या ठिकाणी कोंडतो. मला हे फार मोठं काहीतरी वाटलं, दोन मिनिटं. पुढे यातून काय निघतं ते बघायला गेलो तर डोक्यात उपरणंच आलं.

उपरण्याची गोष्ट अशी. मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986ला कोसळला, पुढची काही वर्षं पणजीहून पलीकडे जायचं म्हणजे फेरीबोट. त्यानंतरच्या मे महिन्यात म्हापशाला मुंज होती, मावशीच्या मुलाची. बाबा रेशमी उपरणं घालून, मी मधे, आई डावीकडे, गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे मधे बसणाऱ्याच्या पायात काही येत नाही, ती जागा माझी. फेरीसाठी रांग किती ते विचारू नका. दहा फूट पुढे, इंजिन बंद, दहा फूट पुढे, इंजिन बंद, आणि वरून मे महिना. शेवटी आमचा नंबर आला, फेरीचा माणूस हात करतोय आणि गाडी चालूच होईना. पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच असतो, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय सगळ्यांना माहीत होता, पंपावर ओलं फडकं. फडकं नव्हतं. मागचे हॉर्न मारतायत. बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि बॉनेट उघडून ते पंपाला असं गुंडाळलं की जणू सोवळ्यातला नारळ. आई काही बोलली नाही. आईचं न बोलणं म्हापशापर्यंत पुरलं. गाडी मात्र पाच मिनिटांत लागली, आम्ही पुढच्या फेरीत चढलो, आणि मुंजीत बाबा कोपरापर्यंत काळ्या हातांनी बसले ते मला आठवतंय कारण बटूचा आजा मला विचारत होता, तुझे बाबा मेस्त काय रे?

ते उपरणं आईने ठेवलंय. डाग गेला नाही. गेल्या वर्षी मी गाडीचं काम चाललंय म्हणून गमतीने मागितलं तर म्हणाली, ते गाडीचं नव्हे, ते माझं.

साडेतीन वाजले. दुकानात गेलो, पॉइंटचा स्क्रू म्हटल्यावर दुकानदाराने वर न बघता चार काढून कागदात बांधले. म्हटलं एकच पाहिजे. म्हणाला, एक नेणारे परत येतात, मला साडेपाचला चहाला जायचंय. चारही आणले. दुसराही पडला, तिसऱ्याला चिमट्याच्या टोकाला ग्रीस लावून चिकटवून बसवला. पॉइंटमधली गॅप मोजायला फिलर गेजच्या पातळ पट्ट्या आहेत माझ्याकडे, मेस्त मात्र अजून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घालून बघतो आणि त्याचा अंदाज माझ्या गेजपेक्षा बरोबर येतो, कुणाची पत्रिका त्याने फरक पडत असावा. पाचच्या सुमाराला गट्टू खेचला, चावी फिरवली, फुरफुरली, धूर, मांगर भरून पेट्रोलचा वास, आणि हळूहळू आत ढकलत नेल्यावर एका जागी लागली. मी बाजूला बघितलं. सीट रिकामी होती, साहजिक आहे.

आता खरी पंचाईत पुढेच. मुलगी पेटी शिकायला लागलीय, त्याच पेटीवर. सुरांचं काम करायला जो माणूस आला तो म्हणाला भाता बदलला, स्वर लावले, पण एक गट्टू कमी आहे, तो आणा म्हणजे पेटी पुरी होईल. तोवर मी मुंबईहून फियाटचा ओरिजिनल चोक नॉब मागवून ठेवला होता, काळा, प्लॅस्टिकचा, पाकिटातून न काढलेला, दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला. म्हणजे हिशोब अगदी सरळ होता, ज्याचा गट्टू त्याला द्यायचा, दोन्ही वस्तू मूळपदाला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीत तीनदा बसलो. तीनदा उठलो. दुसरं काहीतरी काम काढलं, आरसा पुसला, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं.

एका गुरुवारी बघतो तर ड्रॉवरमधलं पाकीट फाडलेलं. आत पेटी वाजतेय. मुलीने चोकचा नॉब दोरा गुंडाळून पेटीला बसवलाय, पांढऱ्या गट्टूंच्या रांगेत तो एकटाच काळा. आई शेजारी बसून टाळ धरतेय आणि तोंड लपवून हसतेय. मी म्हटलं अगं हे काय, ओरिजिनल आहे ते.

"चालतोय," मुलगी म्हणाली. "फक्त सकाळी थोडा जास्त खेचावा लागतो."