आज्ञा, चांगुणा आणि कुंभाराची माती

बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या जुन्या ख्रिस्ती घरात माजघराच्या भिंतीवर एक चौकट होती. आईने लग्नाआधी पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याने बायबलातले एक वचन भरले होते, ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’, आणि वडिलांनी त्याला काच लावून घेतली होती. आम्ही भावंडे त्या वचनाखाली वाढलो. कोणी शब्द मोडला की वडील रागावत नसत, फक्त त्या चौकटीकडे पाहत, आणि तेवढे पुरे होई. हे वचन कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी ऐकवले, हे कळायला मात्र मला चाळिशी गाठावी लागली.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ते येते. अमालेकी लोकांचा समूळ संहार करावा, पुरुष, स्त्रिया, मुले, तान्ही बाळे आणि गुरेमेंढरे यांतले काहीही राखू नये, अशी देवाची आज्ञा इस्राएलाच्या शौल राजाला मिळालेली असते. तो त्यांचा राजा अगाग याला जिवंत धरून आणतो आणि निवडक जनावरे यज्ञाच्या नावाखाली राखून ठेवतो. तेव्हा संदेष्टा शमुवेल त्याला हे वचन ऐकवतो. शौल दयाळू होता असे मी म्हणत नाही. त्याने राजा राखला आणि धष्टपुष्ट मेंढरे राखली, बाळे राखली नाहीत. पण त्या अध्यायात त्याच्यावर ठेवलेला दोष संहाराचा नसून संहार अपुरा ठेवल्याचा आहे. ज्या वचनाच्या नजरेखाली आम्ही पाढे म्हटले, जेवलो आणि रात्रीची प्रार्थना केली, त्याच्या मागे तान्ही मुले मेलेली आहेत, हे कळल्यापासून ते मला पूर्वीसारखे वाचता आलेले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या बुधवारच्या घरगुती सभेत बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, बाविसावा अध्याय वाचला गेला, त्यामुळे हे सारे पुन्हा वर आले. देव अब्राहामाची परीक्षा पाहतो आणि त्याचा लाडका मुलगा इसहाक याचे होमार्पण मागतो. अब्राहाम पहाटे उठतो, लाकडे फोडतो, गाढवावर खोगीर घालतो आणि तीन दिवस चालत मोरिया देशी जातो. ‘विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कोठे आहे?’ असे मुलगा विचारतो, तेव्हा देवच ते पाहील, एवढेच तो सांगतो. सुरा उचलल्यावर देवदूत हात थांबवतो आणि झुडपात अडकलेला एडका इसहाकाच्या जागी जातो. अशा आज्ञापालनाची आपल्याकडूनही अपेक्षा आहे, असे वाचनानंतर सांगण्यात आले. कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून खुपते आहे.

मला त्या वेळी चांगुणा आठवत होती. आमच्या शेजारी हातमाग असलेले घर होते. श्रावणात एखाद्या दुपारी तिथल्या काकू माग थांबवून गल्लीतल्या मुलांना चिलया बाळाची कथा सांगत. त्यांच्या सासूबाई कन्नड बोलणाऱ्या होत्या आणि त्या तिलाच सिरियाळाची कथा म्हणत. शिवशरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत हे नाव आदराने घेतले जाते, हे मला पुढे कळले. आमच्या भागात एकच गोष्ट एका उंबऱ्यावर दोन भाषांत ऐकायला मिळते, हे भाग्यच म्हणायचे. शंकर अतिथीच्या रूपाने श्रियाळ राजाच्या दारी येतो आणि त्याच्या एकुलत्या मुलाचे मांस मागतो. आई चांगुणा स्वतः मुलाला, चिलयाला, मारते आणि निदान मुख तरी पाहत राहावे म्हणून त्याचे शिर बाजूला ठेवते. अतिथी तेही मागतो. ते उखळात घालून, गाणे म्हणत, डोळ्यांतून टिपूस न काढता कांडावे, अशी त्याची अट असते. काकू इथवर आल्या की त्यांचाच आवाज फाटत असे. शेवटी मुलगा हाकेसरशी धावत येतो, पण आम्हा मुलांच्या मनात उखळ राहायचे, मुलगा परत आल्याचा आनंद राहायचा नाही.

घरी येऊन मी वडिलांना सांगितले की हा देव दुष्ट आहे. ते म्हणाले, ‘ती त्यांची कथा आहे, आपला देव तसे मागत नाही.’ तेव्हा त्यांच्या मनात मोरियाचा डोंगर आला नसेल असे मला वाटत नाही.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की काय दिसते, हे मी बरेच दिवस पाहते आहे. काकूंच्या कथेत अतिथी आधी शाळेच्या वाटेवर चिलयाला गाठतो आणि घरी काय चालले आहे ते सांगून पळून जायला सुचवतो. मुलगा पळत नाही. म्हणजे त्याला निदान विचारले तरी जाते. इसहाकाला कोणी विचारत नाही. त्याला बांधून लाकडांवर ठेवले जाते. चांगुणेला सर्व ठाऊक असते, तिचा होकार, तिचे रडणे दाबणे, हाच त्या कथेचा गाभा आहे. उत्पत्तीच्या त्या अध्यायात सारेचे नावसुद्धा येत नाही. अब्राहाम आपल्या चाकरांकडे परतला असे लिहिले आहे. इसहाकही परतला असे लिहिलेले नाही. अब्राहाम बैर-शेबा येथे राहतो आणि पुढचाच अध्याय सारेच्या मृत्यूने सुरू होतो, एकशे सत्तावीस वर्षांची होऊन ती हेब्रोनात मेली. तिला मोरियाची बातमी कळली होती का, याबद्दल शास्त्र मौन पाळते. एका मुलाची आई म्हणून मला ते मौन वाचता येते, असे मी नम्रपणे म्हणेन.

अब्राहाम मुळात मुकाट्याने ऐकणारा माणूस नव्हता, ही गोष्ट मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. चारच अध्याय आधी, सदोमाचा नाश होणार हे कळताच, तो देवासमोर उभा राहून घासाघीस करतो: पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? ‘सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?’ हा प्रश्न त्याने देवाला तोंडावर विचारला आहे. देव रागावत नाही, प्रत्येक आकड्याला मान्यता देतो. परक्या, बदनाम गावासाठी एवढे बोललेला हा माणूस पोटच्या मुलासाठी एक शब्द का बोलला नाही? मोरियाच्या त्या डोंगरानंतर देव अब्राहामाशी पुन्हा बोलल्याची नोंद उत्पत्तीत नाही. परीक्षेत तो उतरला असे आपण मानतो, आणि देवदूताच्या तोंडचे शब्दही तसेच आहेत. तरीही देवाला त्या दिवशी सदोमासारख्याच प्रश्नाची अपेक्षा होती की काय, ही शंका माझ्या मनातून जात नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, हिन्नोमच्या खोऱ्यात लोक आपली मुले अग्नीत होमतात तेव्हा, असे करण्याची आज्ञा मी दिली नाही, ते माझ्या मनातही आले नाही, असे हाच देव सांगतो. शास्त्रातील ही दोन पाने एकमेकांशी भांडतात, आणि मला त्या भांडणात यिर्मयाचे पान जवळचे वाटते.

मग इच्छास्वातंत्र्याचे काय? एदेन बागेतील मनाई आठवावी. बऱ्यावाइटाचे ज्ञान करून देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नये, असे आदामाला सांगितले होते. पण फळ खाण्याआधी बरेवाईट कळत नसेल, तर आज्ञा मोडणे वाईट आहे हे तरी कसे कळावे? आज्ञा ऐकणे म्हणजेच चांगले, असे उत्तर मला लहानपणापासून मिळाले. ते मानले तर अमालेक्यांच्या बाळांपाशी पुन्हा यावे लागते, म्हणून मला ते मानता येत नाही.

मिसरचा राजा फारो याचा प्रश्न त्याहून कठीण आहे. इस्राएल लोकांना गुलामीतून सोडण्यास तो नकार देतो आणि देव त्याच्या देशावर एकामागून एक पीडा धाडतो. निर्गम या पुस्तकात पहिल्या पाच पीडांपर्यंत फारोचे मन कठीण झाले किंवा त्याने ते कठीण केले असे लिहिले आहे; परमेश्वराने त्याचे मन कठीण केले असे सहाव्या, गळवांच्या पीडेच्या वेळी प्रथम येते. माणूस हट्ट करता करता हट्टाचाच गुलाम होतो, असा अर्थ यावरून काढतात आणि तो मला पटतो. परंतु मी त्याचे मन कठीण करीन, हे देव मोशेला चौथ्या अध्यायातच, एकही पीडा येण्याआधी सांगतो, ते कसे विसरायचे? आणि फारोचा हट्ट फारोचाच मानला, तरी अकराव्या अध्यायात मरणाऱ्या प्रथमजन्म्यांच्या यादीत जात्यामागे बसणाऱ्या दासीचा मुलगाही आहे. तिने कोणाला गुलाम ठेवले होते? ती स्वतःच गुलाम होती.

प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हाच फारो पुढे करतो आणि म्हणतो की घडलेली वस्तू घडणाऱ्याला ‘मला असे का केलेस’ असे विचारील काय, कुंभाराचा मातीवर अधिकार नाही काय. १५२४ साली डच विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि १५२५ साली जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने तिचा प्रतिवाद केला, तेव्हा या मातीवरही बराच वाद झाला. आम्ही मेथडिस्ट मंडळी, म्हणजे या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या वाटेची. देवाची कृपा आधी येते, पण ती नाकारण्याची मुभा माणसाला असते, असे आम्हाला शिकवले गेले.

मला मात्र या वादात पुस्तकांपेक्षा खानापूरची अधिक मदत झाली. माझे आजोळ तिथले, आणि खानापूरची माती व कुंभारकाम आमच्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. आजोळच्या शेजारी चाक फिरवणारे एक आजोबा होते. एकदा चाकावरचा माठ एका बाजूला कलला, त्यांनी तो मोडला, त्यातला खडा काढला आणि त्याच गोळ्यातून लहान तोंडाचे मडके केले. माठच का नाही केलात, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, ‘मातीच्या कलानं घ्यावं लागतं, बाळ. जबरदस्ती केली तर ती भट्टीत सूड घेते.’ यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात अगदी हेच घडते. संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो, हातातले भांडे बिघडते, कुंभार त्याच मातीचे दुसरे घडवतो, आणि देव सांगतो की एखादे राष्ट्र वाइटापासून फिरले तर योजलेल्या अरिष्टाबद्दल मीही फिरेन. पौलाची माती मुकी आहे. यिर्मयाच्या मातीपुढे कुंभार आपला बेत बदलतो. ज्याने चाकावर हात ठेवला आहे त्याला यांतली कोणती माती खरी वाटेल, हे मला सांगायला नको.

शास्त्रातच आज्ञा मोडणाऱ्यांचाही गौरव आहे, हे आमच्या सभांत क्वचितच बोलले जाते. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी फारोचा हुकूम डावलून इब्री मुलगे जिवंत ठेवतात, जाब विचारल्यावर खोटे बोलतात, आणि देव त्यांचे कल्याण करतो. आमच्या बेळगावातच १८३१ साली जन्मलेले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी लंडन मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांनी इथेच बाप्तिस्मा घेतला. त्या काळी अशा निर्णयाने घरावर काय कोसळत असे, याची कल्पना करता येते. बापाचा मान राख ही दहा आज्ञांपैकीच एक. तरीही त्यांच्या निर्णयाला कोणी पाप म्हणत नाही, आम्ही तर त्यांचे नाव अभिमानाने घेतो. आमच्या सर्वांच्या श्रद्धेच्या मुळाशी अशी कोणा ना कोणा पूर्वजाची एक अवज्ञा आहे. मग आमच्या मुलांना आम्ही फक्त मोरियाचा डोंगर का दाखवावा?

माझा मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा जाहीरपणे कबूल करण्याच्या विधीआधीच्या, वर्गाला आपण इतक्यात बसणार नाही, असे त्याने जूनमध्ये शांतपणे सांगितले. माझी नजर सवयीने भिंतीकडे गेली, कारण वडील गेल्यावर ती चौकट माझ्याकडेच आली आहे. त्यानेही माझ्या नजरेमागून तिकडे पाहिले. त्या रात्री मी चौकट उतरवून आईच्या पेटीत, तिच्या लुगड्यांमध्ये ठेवली. भरतकाम तिचे आहे, ते मला टाकवणार नाही.

येत्या बुधवारी वाचनाची पाळी माझी आहे. मी उत्पत्तीचा अठरावा अध्याय, पन्नासापासून दहापर्यंत, सावकाश वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावर या वेळी गप्प बसणार नाही.